एक पुडी, एक लिटर पाणी : द्रावणातील कणसंख्येचे महत्त्व

जलसंजीवनी अर्थात ओआरएसच्या मोठ्या पुडीवर 'एक लिटर पाण्यात विरघळवा' अशी सूचना छापलेली असते. अनेक घरांत या सूचनेकडे दुर्लक्ष होते. आजारी मूल एवढे पाणी पिणार नाही, या विचाराने संपूर्ण पुडी पेलाभर पाण्यात टाकली जाते. द्रावण जितके दाट, तितका गुण अधिक, अशीही समजूत आढळते. अतिसारामुळे शरीरातील पाणी कमी झालेल्या बालकाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. त्याचे कारण द्रावणांविषयीच्या रसायनशास्त्रातील एका मूलभूत नियमात आहे.

प्रकार नव्हे, संख्या

पाण्यात मीठ किंवा साखर विरघळवली की चार बदल घडतात. पाण्याचा बाष्पदाब कमी होतो, उत्कलनबिंदू वाढतो, गोठणबिंदू खाली येतो आणि द्रावणाला परासरण दाब प्राप्त होतो. द्रावण विरल असेल, तर हे बदल विरघळलेला पदार्थ कोणता आहे यावर अवलंबून नसतात. ठराविक पाण्यात त्याचे किती कण आहेत, एवढ्यावरच ते ठरतात. या गुणधर्मांना 'कोलिगेटिव्ह', म्हणजेच कणसंख्येवर अवलंबून असणारे गुणधर्म म्हणतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा राउल्ट यांनी १८८० च्या दशकात अनेक द्रावणांचे गोठणबिंदू मोजून हा नियम स्पष्ट केला. एक किलो पाण्यात ३४ ग्रॅम साखर विरघळवल्यास गोठणबिंदू सुमारे ०.१९ अंश सेल्सिअसने उतरतो. मिठाचे मात्र सहा ग्रॅमही पुरतात आणि परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. साखरेचा रेणू पाण्यात अखंड राहतो, तर मिठाचे सोडियम व क्लोराइड असे दोन आयन वेगळे होतात, हे त्याचे कारण स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडले. परासरण दाबाचे नियम शोधणारे नेदरलँड्सचे याकोबस व्हान्ट हॉफ यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

रुग्णालयातील सलाइनमध्ये हाच हिशेब असतो. एक लिटर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, तर ग्लुकोजच्या सलाइनमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज. वजनात पाचपटींहून अधिक फरक असूनही दोन्ही द्रावणांतील कणसंख्या जवळपास सारखी, म्हणजेच रक्ताच्या आसपास असते.

पाणी कोणत्या दिशेने जाते?

पाण्याला वाट देणारे, पण विरघळलेल्या कणांना सहज वाट न देणारे पटल दोन द्रावणांच्या मध्ये असेल, तर पाणी कमी कणांच्या बाजूकडून अधिक कणांच्या बाजूकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. मानवी रक्तद्रवात दर लिटरमागे सुमारे २९० मिलीमोल कण असतात. प्रयोगशाळेत हे प्रमाण बहुधा रक्तद्रवाचा गोठणबिंदू मोजूनच काढले जाते. तो शून्याखाली सुमारे ०.५४ अंश असतो.

आतड्यातील द्रव रक्तापेक्षा दाट झाला, की शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते. तो विरल असेल, तर पाणी शरीरात शोषले जाणे सोपे होते. याला आतड्याच्या पेशींमधील आणखी एका व्यवस्थेची जोड मिळते. सोडियम आणि ग्लुकोज हे दोन्ही कण एकत्रितपणे आत घेतले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही आत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही संकल्पना मांडली. पटकीच्या रुग्णातही ही व्यवस्था चालू राहते. म्हणूनच जलसंजीवनीतील ग्लुकोज केवळ चवीसाठी नसते.

बोनगावचा अनुभव

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बोनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांना तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. रुग्णांचे नातेवाईकही ते पाजू लागले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

३११ वरून २४५

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरुवातीच्या सूत्रानुसार तयार केलेल्या एक लिटर द्रावणात ३११ मिलीमोल कण असत, म्हणजे रक्तापेक्षा किंचित अधिक. २००२ मध्ये हे प्रमाण २४५ करण्यात आले. नव्या द्रावणामुळे मुलांमध्ये अचानक सलाइन लावावे लागण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे चाचण्यांत आढळले होते. आजच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे एकूण २०.५ ग्रॅम घटक असतात.

ही पुडी अर्ध्या लिटरमध्ये विरघळवल्यास कणसंख्या ४९० होते. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ती १,२२५ वर, म्हणजे रक्ताच्या चौपटीहून पुढे जाते. असे द्रावण शरीरातील पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढवते आणि रक्तातील सोडियमही धोकादायक पातळीवर नेऊ शकते. उलट, पाणी जास्त झाल्यास क्षारांची भरपाई अपुरी राहते.

कोणती काळजी घ्यावी?

२०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात; त्यामुळे पुडीवरील सूचना वाचूनच पाणी मोजावे. पाणी पिण्यायोग्य असावे. द्रावणात वरून साखर किंवा मीठ घालू नये, ते थोडे थोडे पाजावे आणि तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. पुडी उपलब्ध नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ हे तात्पुरते द्रावण देता येते. मूल सुस्त झाले, त्याला पिता येत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गोड शीतपेये हा जलसंजीवनीला पर्याय नाही. त्यांत साखरेचे कण फार आणि सोडियम अत्यल्प असते. हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीतील घटक कारखान्यात अचूक मोजलेले असतात. पाणी मात्र घरीच मोजावे लागते, आणि उपचाराचा गुण त्या मापावरही तितकाच अवलंबून असतो.