सर्वसमावेशक अंगणवाडी आणि कुटुंबाशी तिचा अनुबंध

प्रस्तावना

तीन ते सहा वर्षे वयोगटातील बालकांच्या शिक्षणाचा महाराष्ट्राच्या संदर्भात विचार करताना अंगणवाडीला वगळता येत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. ग्रामीण भागातील आणि शहरी वस्त्यांतील असंख्य बालकांच्या दृष्टीने घराबाहेरची पहिली सार्वजनिक संस्था हीच होय. या संस्थेत विशेष गरजा असणाऱ्या बालकाचे स्थान काय आणि कुटुंबाशी तिचे नाते कसे असावे, हे दोन प्रश्न सामान्यतः स्वतंत्रपणे मांडले जातात. एक दिव्यांग कल्याणाच्या परिसंवादात, तर दुसरा पालक-प्रबोधनाच्या कार्यक्रमात. प्रस्तुत लेखात ते एकत्र घेतले आहेत. नाव नोंदविण्यास अशा बालकाला अंगणवाडीत सहसा कोणी नकार देत नाही. नोंद झाल्यानंतर आणि रोजच्या हजेरीपूर्वी ते गळते, आणि ही गळती घर व अंगणवाडी यांच्या मधल्या वाटेवर होते.

'अंगणवाडी' या शब्दातील अंगण

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा सर्व वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे त्यांच्या लक्षात आले. यावर पालकांना उपदेश करीत न बसता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळेचा प्रयोग केला, तोही याच विचारातून. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने आपली जागा, वेळ आणि साहित्य बदलावे, ही त्यामागील भूमिका होती. सर्वसमावेशक शिक्षणाच्या आजच्या परिभाषेत आपण जे मांडतो, त्याचा गाभा येथे साध्या मराठीत आणि प्रत्यक्ष कृतीत आढळतो.

शासकीय योजनेने हे नाव स्वीकारले. अंगण मात्र हळूहळू मागे पडले. चार भिंतींची इमारत, वजनकाटा, नोंदवह्या आणि आता भ्रमणध्वनीवरील नोंदी यांनी संस्थेला आकार दिला. इमारत असू नये असा याचा अर्थ नव्हे. परंतु घराकडे जाण्याची जी दिशा नावातच होती ती उलटली आणि कुटुंबानेच अंगणवाडीकडे यावे अशी अपेक्षा रूढ झाली.

धोरणात घेतली गेलेली दखल

योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण यांचा समावेश होता. दिव्यांग बालकांचा वेगळा विचार मात्र त्यात नव्हता. डॉ. मिठू अलूर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लंडन विद्यापीठात केलेल्या संशोधनात नेमके हेच दाखवून दिले. सर्व बालकांसाठी म्हणून आखलेल्या या योजनेत दिव्यांग बालके व्यवहारात वगळलेलीच होती, आणि वगळण्याचा आदेश कोणी काढलेला नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नव्हते.

कायद्याची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची तरतूद करताना किमान वयाची मर्यादा घातलेली नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे प्रकार २१ पर्यंत वाढले. पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयाशी जोडला गेला. २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील बालकांचे शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्याने करावयाच्या प्रयत्नाच्या स्वरूपात, राहिले. ज्या वयात साहाय्याचा सर्वाधिक उपयोग होतो, त्याच वयात हक्क सर्वांत क्षीण आहे.

अलीकडच्या काळात दोन महत्त्वाची पावले पडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा वैद्यकीय पथकामार्फत तपासणी होते. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब असे तिचे चार विषय आहेत. त्यानंतर २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, बालकाला सामावून घेऊन कुटुंबाला सक्षम करणे आणि आशा, परिचारिका व तपासणी पथक यांच्याद्वारे संदर्भित करणे, असे तिचे तीन टप्पे आहेत. यातील पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यासाठी यंत्रणा उपलब्ध आहे. दुसरा टप्पा जवळजवळ सर्वस्वी सेविकेवर सोपविलेला आहे.

तपासणीनंतर घरात काय घडते

श्रवणदोषाचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. बालकाची श्रवणचाचणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाययोजना सहा महिन्यांच्या आत व्हावी, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले प्रमाण आहे. कारण भाषा उमलण्याचा मुख्य काळ पहिल्या तीन वर्षांतच असतो. आपल्याकडे अनेक बालकांच्या बाबतीत ही शंका प्रथम अंगणवाडीत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. हाक मारली तरी मूल वळत नाही, गाण्यातील हातवारे दुसऱ्याचे पाहून एक क्षण उशिरा करते, हे सेविकेला जाणवते. घरी सांगितल्यावर उत्तर मिळते, "त्याचा बापही उशिराच बोलला." हे उत्तर अज्ञानाचे निदर्शक मानून सोडून देण्याची सवय शिक्षित वर्गाला आहे. वस्तुतः ते कुटुंबाने आपल्या अनुभवातून काढलेले अनुमान असते, आणि काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. शिवाय त्यामागे भीती असते. मुलात दोष आहे असे ठरले तर तो आईच्या माथी मारला जातो, मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडथळा येतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालण्यात मजुरी बुडते. एवढे सारे पणाला लागलेले असताना आईच्या हाती संदर्भ-चिठ्ठी दिली म्हणजे संस्थेचे कर्तव्य संपले, असे म्हणता येत नाही.

येथे सेविका त्याच गावची असणे ही मोठी जमेची बाजू आहे आणि अडचणही. तिच्यावर विश्वास असतो. तिला घरातील निर्णय कोणाच्या हाती आहे हे ठाऊक असते. परंतु भावकी, जात आणि जुने वाद हेही तिच्यासोबत उंबरठ्यावर येतात. म्हणून काही मर्यादा कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. शंका पालकसभेत बोलू नये, घरी जाऊन बोलावी. 'मतिमंद', 'बहिरा' असे शब्द वापरू नयेत; निदान करणे हे तिचे काम नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. "मागून हाक मारली तर वळत नाही, समोरून मारली तर हसतो, घरी काय होते?" या वाक्यात आरोप नाही, आणि आईला तिचे ज्ञान मांडण्यास जागा आहे.

सध्याची गृहभेट पाहता तिचे स्वरूप बहुधा विचारपूस करण्यापेक्षा माहिती भरण्याचे असते. घरपोच आहार मिळाला का, लस झाली का, वजन किती, या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीला हवी असतात. पालक मेळाव्यात वक्ते बोलतात आणि माता ऐकतात. दर महिन्याला ठराविक दिवशी पालकांना अंगणवाडीत बोलावून बालशिक्षण दिन साजरा करण्याची कल्पना चांगली आहे. मात्र पालकाने त्या दिवशी आपल्या मुलाबरोबर काही करून पाहिले तरच ती सफल होते. 'पालक' कोण याचाही पुनर्विचार हवा. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत दिवाळीच्या सुमारास आई-वडील बाहेर पडतात, आणि न चालणारे मूल अनेकदा आजीजवळ मागे राहते. पुढील पाच-सहा महिने आजी हीच पालक असते. सभेची सूचना मात्र आईच्या भ्रमणध्वनीवर जाते.

वर्गातील फेरबदल

समावेशनासाठी महागडी साधने लागतात ही समजूत पुष्कळ प्रमाणात चुकीची आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे बसता न येणारे मूल दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठीला गोधडीचा आधार देऊन बसविता येते. तसे बसले की त्याचे हात खेळण्यासाठी मोकळे होतात. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की पकड बसते. अशा मुलाला आडवे धरून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून मदतनीसांना सरळ बसवून भरविण्याची पद्धत दाखविणे अत्यावश्यक आहे. अल्पदृष्टी असणाऱ्या मुलासाठी गडद चटईवर पांढरे खडे ठेवावेत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला सेविकेचा चेहरा दिसेल असे, खिडकी तिच्या पाठीमागे येणार नाही असे बसवावे. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून आधी कळला तर प्रार्थनेवरून खेळाकडे जाताना होणारा आकांत पुष्कळ कमी होतो. चिंचोके मोजताना एकाने दहा मोजावे, दुसऱ्याने वाटीत टाकावे, तरी दोघेही त्याच खेळात असतात.

मूल कसे गिळते, कोणत्या आवाजाने घाबरते, शौचाची सूचना कशी देते, हे आईला, आजीला किंवा त्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या दहा वर्षांच्या बहिणीला पक्के माहीत असते. आईने पहिले काही दिवस मुलासोबत वर्गात बसावे, असे सुचविण्यामागे हेच कारण आहे. त्यातून सेविका शिकते आणि इतर मुलांच्या मातांचीही भीड चेपते. मात्र आईने कायम बसावे अशी अट घालणे म्हणजे प्रवेश देऊन नाकारणे होय. मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीला ती अट पाळता येत नाही. हीच गोष्ट भाषेची. मेळघाटातील कोरकू किंवा डहाणूकडील वारली घरातील मूल बोलत नसेल, तर ते विकासातील विलंबामुळे की वर्गाच्या मराठीमुळे, हे घरच्या भाषेत चौकशी केल्याशिवाय समजत नाही.

हे सर्व कोणी करावयाचे, हा रास्त प्रश्न आहे. एका सेविकेकडे साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येची जबाबदारी असते, आणि सर्वेक्षणांची कामे वेगळीच. तिला अद्याप वेतन नव्हे तर मानधन मिळते. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील अंगणवाड्या संपामुळे बंद राहिल्या, त्यामागे मानधन व उपदानाच्या मागण्या होत्या. नोंदींचा भार कमी केल्याशिवाय नवी कार्यपद्धती तिच्यावर लादणे हे धोरण नव्हे, इच्छा आहे. आपल्या महाविद्यालयांतील गृहविज्ञान, समाजकार्य व शिक्षणशास्त्र विभागांना येथे निश्चित वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर रंगरंगोटीत खर्ची घालण्यापेक्षा, विद्यार्थ्यांनी वर्षभर ठराविक वारी एकाच अंगणवाडीत जाऊन सेविका गृहभेटीला गेली असता मुलांचे खेळ घेण्यास मदतनीसांना साहाय्य केले, तर तिचा तेवढा वेळ खरोखरच मोकळा होईल.

पहिलीत जाताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर एकसंध मानला आहे. प्रशासनात मात्र सहाव्या वर्षी बालक महिला व बालविकास विभागातून शिक्षण विभागात जाते. गटसाधन केंद्राशी जोडलेले विशेष शिक्षक प्रामुख्याने शाळांसाठी काम करतात. तीन वर्षांत सेविकेने व कुटुंबाने मिळून जे शोधले, ते पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोचविण्याची हमी देणारी वाट नाही. जन्मदाखला आणि आधार क्रमांक तेवढे पोचतात. शाळा उघडण्यापूर्वी सेविका, पालक, पहिलीचे शिक्षक आणि विशेष शिक्षक यांची एक बैठक शाळेतच व्हावी. तीत मूल कोठे बसते, कसे खाते, कसे सांगते आणि कशाने रमते, हे आईने सांगावे व सेविकेने एका पानावर लिहून द्यावे. तालुका स्तरावर गटशिक्षणाधिकारी व बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्या संयुक्त पत्राने हे होऊ शकते; त्यासाठी नव्या निधीची आवश्यकता नाही.