इमारतीशी एकरूप सौर पटले : संगणकीय प्रतिमानाचे कॅलिब्रेशन (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :
'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून सौर पटले सर्वसामान्यांच्या विचारकक्षेत आली आहेत. पटले सामान्यतः छतावरील सांगाड्यावर बसविली जातात. परंतु पटल हेच छत किंवा भिंत असेल तर ते इमारतीशी एकरूप झालेले पटल होय. त्यापासून किती वीज मिळेल याचा अंदाज संगणकीय प्रतिमान देते आणि त्यावरच खर्चाचा निर्णय होतो. हे प्रतिमान प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवून घेणे म्हणजे कॅलिब्रेशन. जालन्यासारख्या उष्ण व टंचाईग्रस्त जिल्ह्यात ते कसे असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तापमानाचा परिणाम :
पटलाची नमूद क्षमता दर चौरस मीटरला १००० वॅट प्रारण आणि २५ अंश सेल्सिअस घट तापमान या स्थितीत मोजलेली असते. सिलिकॉन पटलाची क्षमता त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. सांगाड्यावरील पटलाला दोन्ही बाजूंनी वारा लागतो. छताशी एकरूप पटलाची मागील बाजू बंद असल्याने ते अधिक तापते. घट तापमान ७० अंशांवर गेल्यास ०.४ टक्के दराने ही घट १८ टक्के होते.

उष्णता की धूळ? :
अंदाजापेक्षा वीज कमी मिळाल्यास प्रतिमानातील धुळीचा तोटा वाढवूनही आकडे जुळतात आणि उष्णता बाहेर टाकण्याचा गुणांक कमी करूनही जुळतात. वार्षिक बेरीज दोन्ही प्रकारे बरोबर येते. उपाय मात्र भिन्न आहेत. धुळीसाठी पाण्याने धुणे, तर उष्णतेसाठी पटलामागे हवेची पोकळी ठेवणे आवश्यक ठरते. २०१२-१३ चा दुष्काळ अनुभवलेल्या जिल्ह्यात निदान चुकले तर पाणी व्यर्थ जाईल आणि वीजही वाढणार नाही.

आवश्यक नोंदी :
म्हणून केवळ मासिक मीटरवाचन पुरेसे नाही. पटलाच्या पाठीवरील तापमान, पटलाच्याच उतारावर ठेवलेल्या प्रारणमापकाची नोंद, वाऱ्याचा वेग आणि तासागणिक वीजनिर्मिती मोजावी. उष्णतेचा तोटा दुपारी वाढून संध्याकाळी ओसरतो. धुळीचा तोटा कोरड्या दिवसांत साचत जातो व पाऊस पडताच घटतो. आधी तापमानाच्या नोंदींवरून उष्णता गुणांक निश्चित करावा, नंतर धुतलेल्या व न धुतलेल्या पटलांच्या तुलनेतून धुळीचा तोटा ठरवावा. काही महिन्यांच्या नोंदी पडताळणीसाठी राखून ठेवाव्यात. इमारतींच्या ऊर्जावापराच्या प्रतिमानांसाठी 'अ‍ॅश्रे' संस्थेच्या मार्गदर्शिका क्र. १४ मध्ये मासिक नोंदींकरिता सरासरी कल ५ टक्के व विचलन १५ टक्के ही मर्यादा आहे. तीच येथे मार्गदर्शक मानता येईल.

समारोप :
सारांश, आकडे जुळणे हे कॅलिब्रेशनचे साध्य नसून तफावतीचे खरे कारण ओळखणे हे साध्य आहे. महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान व भूगोल विभागांनी एकत्रितपणे वर्षभर अशा नोंदी ठेवल्यास स्थानिक निर्णयांना भक्कम आधार लाभेल.