कुंडी आणि तांब्या

रावेतच्या बंधाऱ्यावरून पवनेचे पाणी उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवितात. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला ते एक दिवसाआड मिळू लागले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांना कुंड्यांची काळजी पडली. वस्तुतः घरातली झाडे तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक दगावतात! माती सदा चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पाने मलूल होतात, आणि आपण आणखी पाणी ओततो. मी बोट दोन पेरे मातीत खुपसतो. कोरडे लागले तरच तांब्या उचलतो. मनीप्लँटला खिडकीजवळचा मंद उजेड पुरतो, तुळशीला मात्र ऊनच हवे. थंडीत वाढ मंदावते, तहानही घटते. तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ सढळ हाताने वाढा. कुंडीतले पाणी मात्र हात राखून!