तिथे निवाडा होत नाही

कौटुंबिक उपचार म्हटलं की घरात आधी कुजबुज सुरू होते: चूक कुणाची ठरणार?

गैरसमज : समुपदेशक दोषी कोण ते सांगतो.
तो खटला चालवत नाही, घरात फिरणारं चक्र दाखवतो. सून गप्प होते म्हणून सासू जास्त बोलते, सासू बोलते म्हणून सून आणखी गप्प, आणि मुलगा ऑफिसातच रेंगाळतो. यातलं एक जण वेगळं वागलं, तरी बाकीच्यांना जुनं वागणं तसंच चालू ठेवणं जड जातं. म्हणूनच ‘सगळे आले तरच उपयोग’ हेही खरं नाही. या क्षेत्रातले एक आद्य मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन अनेकदा घरातल्या एकाच व्यक्तीबरोबर काम करत.

गैरसमज : हे परदेशी खूळ आहे.
१९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला बोलावलं. तेव्हा रुग्णाला दाखल करून घरचे निघून जाणं ही रीतच होती. इथे ते सोबत राहिले, आजार समजून घेऊ लागले, आणि रुग्णाला घरी परत नेणं सोपं झालं. पुढे वेल्लोरलाही कुटुंबाला सोबत ठेवून उपचार सुरू झाले. आपल्याकडे दवाखान्यात डॉक्टरांसमोर एरवीही चार माणसं बसतातच. त्यांना उपचारात घेणं भारतीय घराला परकं कसं?

गैरसमज : घरच्यांना बोलावलं, म्हणजे आजाराचं खापर त्यांच्यावर.
या भीतीला इतिहास आहे. १९४८मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला आणि कित्येक आयांनी तो अपराध उगाच वाहिला. पुढच्या संशोधनात त्या कल्पनेला आधार मिळाला नाही. सिद्ध झालं ते वेगळंच: सततचे टोमणे आणि अतिकाळजी कमी झाली, औषधं चालू राहिली, तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं. घरच्यांना बोलावतात ते यासाठी.

घटस्फोट, निवृत्ती, मुलं परदेशी जाणं अशा बदलांतही या बैठका उपयोगी पडतात. भांडण विकोपाला जाण्याची वाट पाहायची गरज नाही.

मात्र घरात मारहाण होत असेल, तर एकत्र बैठक हा उपाय नव्हे. आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. मानसिक आरोग्याबद्दल मोफत बोलायचं असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.