दोन हिटांचा हिशेब

‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’चं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘सेबर’चं, २०२३चं अधिवेशन जुलैमध्ये शिकागोच्या पामर हाऊस हॉटेलात भरलं. लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूस नाव विचारत नाही, ‘सध्या कशावर काम करताय?’ असं विचारतो. कुणी जुन्या मैदानांच्या मागे, कुणी एकच सामना खेळून गायब झालेल्या खेळाडूच्या मृत्यूच्या तारखेमागे. पोटापाण्याचा उद्योग बहुतेकांचा वेगळाच.

संस्था १९७१ची. बॉब डेव्हिड्स या सरकारी नोकरदाराच्या बोलावण्यावरून कूपर्सटाउनला सोळा जण जमले आणि तिथेच ती उभी राहिली. १८३९मध्ये अॅब्नर डबलडेने इथे हा खेळ शोधला, या कथेवर कूपर्सटाउन बेसबॉलची पंढरी झालं, आणि ती कथा साफ खोटी! पुरावे मागणाऱ्यांना जागा मात्र अचूक सापडली.

व्याख्यानं आटोपशीर, प्रश्न तिखट. पण खरी मजा कॉफीच्या टेबलाशी. शिकागोत बसून फलंदाज पीट रोजचा विषय निघणारच. जुन्या काळच्या टाय कॉबचा कारकिर्दीतल्या ४,१९१ हिटांचा, म्हणजे यशस्वी फटक्यांचा, विक्रम रोजने ११ सप्टेंबर १९८५ला सिनसिनाटीत मोडला आणि शहराने जल्लोष केला. पण त्याआधीच पीट पामर या अभ्यासकाला १९१०च्या हंगामाच्या रोजनोंदीत कॉबचा एक सामना दोनदा चढवलेला आढळला होता. त्यातल्या दोन हिट वजा केल्या की उरतात ४,१८९. म्हणजे विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला, इथल्याच रिग्ली फील्डवर मोडला होता. तेव्हा स्टेडियममधल्या कुणाला त्याची कल्पना असेल? मेजर लीगच्या अधिकृत पुस्तकात अजून ४,१९१च आहेत. चूक सिद्ध होणं वेगळं, ती मान्य होणं वेगळं.

असल्या चुका सापडतात त्या चिकाटीने. लीगची रोजनोंद, स्कोअररची वही आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून एकेक खेळी जुळवायची. जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी १९८९मध्ये सुरू केलेलं ‘रेट्रोशीट’ हेच करतं. वहीच नसेल, तर बातम्यांतल्या तुकड्यांवरून सामना पुन्हा मांडतात. आपल्याकडे आनंदजी डोसांनी क्रिकेटच्या आकड्यांवर आयुष्य घालवलं. ते इथे अगदी घरच्यासारखे रमले असते.

सगळ्यात अवघड काम कृष्णवर्णीयांच्या ‘निग्रो लीग’चं. त्यांच्या सामन्यांची दखल मुख्यतः ‘शिकागो डिफेंडर’सारखी साप्ताहिकं घेत, आणि मधल्या वारचे कितीतरी सामने तपशिलाविना राहून जात. तरीही अभ्यासकांनी इतकं गोळा केलं, की मे २०२४मध्ये मेजर लीगने ते आकडे आपल्या नोंदीत घेतले. निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी ०.३७२, कॉबची ०.३६७. कॉबचं अव्वल स्थान गेलं. पण १९२० ते १९४८मधल्या त्या सामन्यांपैकी अंदाजे पाऊण भागाचीच नोंद हाती आली आहे, तेव्हा कॉबच्या चाहत्यांनी अगदीच आशा सोडायला नको.