कॉर्ड सुचवणारं सॉफ्टवेअर, ठरवणारा कान

सॉफ्टवेअरची कॉर्ड ओळखण्याची मूळ रीत अशी: गाण्याच्या आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात सप्तकातल्या १२ स्वरांपैकी कोणते जोरात वाजतात ते मोजायचं आणि जवळात जवळची कॉर्ड सुचवायची. जपानी संशोधक ताकुया फुजिशिमा यांनी ती १९९९ मध्ये मांडली.

घोळ होतो तो सख्ख्या शेजाऱ्यांत. सी मेजरमध्ये सी, ई, जी. ए मायनरमध्ये ए, सी, ई. तीनपैकी दोन स्वर तेच! अशा वेळी बेस ऐका. तो ए वर थांबत असेल तर बहुधा ए मायनर. मींड-हरकतींच्या भावगीतात गायकाचा आवाजही मोजणीत मिसळतो, म्हणून तिथे जास्त सावध राहा.

सराव करताना गाणं लय निम्मी करून वाजवा, पण पडद्यावर सुचवलेल्या कॉर्डकडे बघण्याआधी निदान धृपदाच्या कॉर्ड स्वतः शोधा.