कारंजी कोठे गेली?



गुलमंडी या नावातच आजच्या विषयाचे सार आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. आज त्या चौकात उभे राहिले तर कापडाची दुकाने दिसतात, वाहनांची दाटी दिसते. फुलांवरून बाजाराचे नाव पडावे असे मात्र काही दिसत नाही. नाव मागे राहिले आहे. माणसांच्या आठवणींतही अशी पुष्कळ नावे असतात, की ज्यांच्यामागची वस्तू आता दाखविता येत नाही. अशाच एका वस्तूविषयी आज बोलावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानातील रंगीत कारंजी.

माझ्या वयाच्या मंडळींना शाळेची सहल म्हटली की पैठण आठवते. पहाटेच्या अंधारात पैठण गेटपाशी आम्ही मुले रांगेने उभी राहत असू. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एखादा पेरू. लाल एस.टी.ने सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास करून पैठणला उतरले की प्रथम नाथांच्या समाधीचे दर्शन, मग धरणाची भिंत, आणि ऊन कलल्यावर उद्यान. त्या दिवसाचा सारा जीव संध्याकाळच्या अर्ध्या तासात असे. अंधार पडे, सनईचे सूर निघत, आणि पाणी तांबडे, हिरवे, निळे होऊन उसळू लागे. हजारभर माणसे एकदम ‘अहाहा’ म्हणत. आमच्या वर्गातील एका मुलाने गुरुजींना विचारले, “गुरुजी, वर पाणी तांबडे दिसते, मग खाली हौदात पडल्यावर ते पांढरे कसे होते?” गुरुजी हसले आणि म्हणाले, “घरी जाऊन विचार कर.” तो विचार मी पुढे पुष्कळ वर्षे केला.

प्रथम हे उद्यान तेथे का झाले ते पाहू. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस. मागे पसरलेल्या जलाशयाला एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर म्हणतात. या जलाशयासाठी शंभराहून अधिक गावांना आपली जागा सोडावी लागली, हे विसरून चालणार नाही. धरणाच्या पायथ्याशी उद्यान करावयाचे, ही कल्पना म्हैसूरची. तेथे कृष्णराजसागर धरणाखाली दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात, १९२७ ते १९३२ या वर्षांत, वृंदावन उद्यान तयार झाले होते. त्याच धर्तीवर पैठणचे उद्यान योजले गेले. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रांग लावावी लागे, तेथील मुलांनी पाणी केवळ पाहण्यासाठी उडताना पाहिले, याचे अप्रूप मोठे होते.

आता त्या मुलाचा प्रश्न. कारंज्याचे पाणी रंगीत नसतेच; रंग दिव्याचा असतो. तोटीच्या जवळ, पाण्याखाली, रंगीत काचेमागे दिवा बसवितात. पाण्याची धार अखंड असली की प्रकाश तिच्या आतल्या आत, धारेच्या कडांवर आदळत, तिच्याबरोबरच वळत जातो. जिनीव्हाच्या कोलादोन नावाच्या शास्त्रज्ञाने हा चमत्कार १८४१ साली दाखविला, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रकाशित कारंज्यांनी लोकांना वेड लावले. धार फुटून तिचे थेंब झाले की प्रत्येक थेंब प्रकाश चोहीकडे उधळतो. म्हणून तुषार रंगाने पेटल्यासारखे दिसतात. पाणी दिव्याच्या झोतातून बाहेर पडून हौदात आले की रंग तेथेच राहतो. गुरुजींना हे ठाऊक होते की नव्हते, देव जाणे. पण प्रश्न रास्त होता.

या स्पष्टीकरणातच कारंज्यांच्या मरणाचेही कारण आहे. नुसते पाणी असून भागत नाही. पंप हवा, वीज हवी, पाण्याखालच्या दिव्यांत ओल शिरू नये म्हणून त्यांची झाकणे घट्ट हवीत. तोटीची भोके बारीक असतात. गाळाने ती बुजतात, क्षाराने आवळतात. म्हणजे कोणीतरी दररोज हौदात उतरून ती साफ केली पाहिजेत. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला महापूर आला, धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि पैठण गावात पाणी शिरले. पूर ओसरला, परंतु उद्यानाला पूर्वीचे रूप पुन्हा लाभले नाही. एकेक कारंजे मुके झाले. नूतनीकरणाच्या योजना वेळोवेळी जाहीर झाल्या. मात्र जी मुले त्या वर्षांत लहान होती, त्यांच्या वाट्याला ती संध्याकाळ आली नाही, आणि गेलेले बालपण कोणत्याही योजनेत परत देता येत नाही.

मग काय टिकते? याचे उत्तर आपल्याच शहरात दोन ठिकाणी आहे.

पहिले कर्णपुऱ्यात. नवरात्रात तेथे देवीची यात्रा भरते. आकाशपाळणे येतात, मौत का कुआं येतो, खेळण्यांची आणि रेवड्यांची दुकाने लागतात. दसरा झाला की सारे मोडून मैदान मोकळे होते. बारा महिन्यांपैकी बहुतेक काळ तेथे पाळण्याचा एक खिळाही नसतो. तरी गुलमंडीतील आजीने जो पाळणा पाहिला, तसाच नातही पाहते. २०२० साली साथीमुळे यात्रा भरू शकली नाही, पण पुढे ती पुन्हा भरू लागली. याचे कारण असे की पाळणा दरवर्षी नव्याने जोडावा लागतो, आणि जोडताना प्रत्येक सांधा कोणाच्या तरी हाताखालून जातो.

दुसरे ठिकाण पाणचक्कीचे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर आणि यात्रेकरू यांच्या भाकरीसाठी दळण दळणारी ही चक्की अठराव्या शतकातील. शहराबाहेरच्या उगमाचे पाणी मातीच्या नळांतून येते, उंचावर चढते, हौदात पडते. त्याच्या जोरावर चाक फिरते आणि चाकाबरोबर जाते. तेथे वीज नाही, पंप नाही. परंतु केवळ यंत्र साधे म्हणून ती टिकली, असे समजू नये. आपल्या शहराच्या जुन्या नहरींवर माणूस आत उतरू शकेल अशी तोंडे जागोजाग ठेवलेली होती. बांधणाऱ्याने बांधतानाच गाळ काढणाऱ्यासाठी वाट ठेवली होती. पुढे या नहरींवर शहर चढले, नळ फुटले, तोंडे बुजली, आणि तेथेही पाण्याची ओढ सुरू झाली. साफ करणाऱ्याची वाट बंद झाली की पाण्याचीही वाट बंद होते.

जगाच्या पाठीवरही हेच दिसते. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरने लोखंडी पाळणा उभारला. छत्तीस डबे, एका वेळी दोन हजारांवर माणसे. एवढे अजस्र चक्र, पण १९०६ साली ते सुरुंग लावून पाडले आणि भंगारात विकले. शिकागोच्या प्रदर्शनानंतर चारच वर्षांनी, १८९७ साली, व्हिएन्नात असाच एक पाळणा उभा राहिला. १९४४ साली युद्धात तो जळाला. शहर उद्ध्वस्त झाले होते, अन्नाची भ्रांत होती. तरी १९४७ साली लोकांनी तो पुन्हा फिरता केला. तीस डब्यांऐवजी पंधराच बसविता आले, तेवढे बसविले. तो पाळणा आजही फिरतो आहे. शिकागोचा पाळणा काही व्हिएन्नाच्या पाळण्याहून कच्चा नव्हता. एकाला राखणारे मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत, एवढाच भेद.

आपण मात्र उद्घाटनाला गर्दी करतो. फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. त्या शिळेवर उद्या तोटी कोण साफ करणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे कधी लिहिलेले असते काय? करमणुकीची जागा म्हणजे चैन, तेव्हा काटकसर करावयाची झाली की पहिली कात्री तिच्यावर. वस्तुतः ज्या घरांतून मुलांना मुंबईची किंवा परगावची सहल परवडत नाही, त्यांचे सारे जग अशाच जागांत असते. पैठणची संध्याकाळ एस.टी.च्या तिकिटात मिळत होती. ती गेली तेव्हा श्रीमंतांचे फारसे बिघडले नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. घरी जुने छायाचित्र असेल तर त्याच्या मागे वर्ष, ठिकाण आणि उभे असलेल्यांची नावे आजच लिहून ठेवा. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणि आपल्या नगरात नवे उद्यान, नवे कारंजे जाहीर होईल तेव्हा त्याची उंची विचारू नका. ते साफ करणारा माणूस कोण, एवढेच विचारा. त्याचे नाव सांगता आले, तर आपल्या नातवंडांनाही ते कारंजे पाहावयास मिळेल.